परंपरा, नवनिर्मिती आणि वास्तुविद्येचे संशोधन
(महोत्सवाच्या मेळाव्यात बपेरा येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याविषयी आम्ही काही दिवस विवंचनेत होतो. धर्माविषयी बोलण्यास आमच्याहून कितीतरी अधिकारी मंडळी येथे विराजमान आहेत, आणि शेतीविषयी आपणांस सांगू जाणे म्हणजे तुमसरच्या बाजारात तांदूळ विकावयास नेण्याजोगेच होय. आम्हांस जे थोडेबहुत ठाऊक आहे ते घरांविषयी. आमच्या आयुष्याची काही वर्षे वास्तुविद्येतील डॉक्टरेटच्या अभ्यासात गेली, आणि त्यातील पुष्कळसा काळ बावनथडीच्या अलीकडील या मुलखात भिंती मोजण्यात गेला. तेव्हा याच गावात एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस विचारले होते, "इतके शिकून शेवटी मातीचीच घरे मोजत हिंडता काय?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा विचार आहे.

परंतु उत्तराआधी एक कबुली देणे प्राप्त आहे. पदवी घेऊन आम्ही नुकतेच घरी आलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. आमचे वडिलोपार्जित घर कवेलूचे होते. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, पुढे सपरी, मागे सांदवाडी, बाजूस गुरांचा कोठा. आम्ही नवे शास्त्र शिकून आलेले! आमच्याच सल्ल्याने ते घर पाडले आणि त्या जागी सिमेंटच्या स्लॅबचे घर उभे राहिले. नकाशा आमचा, देखरेख आमची. दोषही सर्वस्वी आमचाच. पहिल्या वर्षी सर्वांनी वाहवा केली. मग मे महिना आला. या जिल्ह्याचा मे महिना कसा असतो, हे आपणांस सांगावयास नको. एके दिवशी दुपारी घरात पाहतो, तो आई दिसेना. शोध घेता ती गुरांच्या कोठ्यात बाज टाकून निजलेली आढळली, कारण जुन्या कवेलूचे छप्पर आता तेवढ्याच जागी उरले होते. ती आम्हांस एका शब्दानेही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्यातून आमच्या संशोधनाचा आरंभ झाला.

आता डॉक्टरेट म्हणजे काय, याविषयी दोन शब्द. कित्येकांची अशी समजूत असते की, ही नुसती मोठी पदवी, नावापुढे लावावयाची एक झूल. वास्तविक तीमधील अट फार साधी व फार कठोर आहे. जगास आजवर ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट शोधून काढावयाची, तिचा पुरावा द्यावयाचा, आणि जाणत्या परीक्षकांपुढे उभे राहून ती खोडून काढण्याची मुभा त्यांस द्यावयाची. आपल्या नागपुरास १९६० साली स्थापन झालेली जी अभियांत्रिकी संस्था आज विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, तेथे वास्तुविद्येतही असा अभ्यास करता येतो. त्यासाठी विलायतेस जावयास नको. परंतु घरासंबंधी असे संशोधन करू लागताच दोन मोह आडवे येतात. जे जुने ते सर्व सोने, हा पहिला. जुने ते सर्व अडाणीपणाचे, हा दुसरा. या दोहोंपैकी एकाही मोहात सापडलेल्या मनुष्यास भिंत काही सांगत नाही, कारण त्याने तिला काही विचारलेलेच नसते.

आम्हांस या कामी ज्या एका प्रबंधाने प्रथम वाट दाखविली, त्याचा विषय ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने वास्तुविद्येत जी पहिली डॉक्टरेट दिली, ती क्रिस्टोफर अलेक्झांडर या तरुण पंडितास. हे १९३६ साली व्हिएन्ना येथे जन्मले, इंग्लंडात वाढले, आणि केंब्रिज येथे गणित व वास्तुविद्या या दोन्ही विषयांचे अध्ययन करून अमेरिकेस गेले. त्यांचा प्रबंध १९६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण सोडवून दाखविलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीचे नाही, तर ६०० वस्तीच्या एका हिंदुस्थानी खेड्याचे आहे! ते गुजरातेतील बावरा नावाच्या गावी काही महिने जाऊन राहिले, आणि तेथे कुंभाराने घडविलेल्या मातीच्या कौलांचे घुमट असलेली एक लहानशी शाळाही त्यांनी बांधली.

त्यांची रीत अशी. खेडे चांगले नांदावे म्हणून ज्या ज्या गोष्टी जुळून याव्या लागतात, त्यांची त्यांनी यादी केली. ती १४१ गरजांची झाली. घराचे दार दक्षिणेस नसावे, अमुक झाडे व अमुक पाणी पवित्र मानले जाते, मृतांची योग्य व्यवस्था लागावी, येथपासून गुरे, बैलगाड्या, सरपण, पाटपाणी, येथपर्यंत सर्व काही त्या यादीत आले. मग कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे हे पाहून, गणित व गणकयंत्र यांच्या साहाय्याने त्यांनी त्या गरजांचे चार मोठे गट पाडले: गुरे, गाड्या व सरपण यांचा एक, शेती व पाणी यांचा दुसरा, गावाच्या सामाईक जीवनाचा व उद्योगांचा तिसरा, आणि घराच्या खाजगी आयुष्याचा चौथा. यातील मर्म असे की, दार दक्षिणेस नसावे हा नियम त्यांनी अंधश्रद्धा म्हणून टाकून दिला नाही, आणि पवित्र म्हणून त्यापुढे हातही जोडले नाहीत. पाणी, गुरे आणि रस्ता यांच्याच पंक्तीस बसवून तो त्यांनी मोजणीत घेतला.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि आमच्या मते तीच या विद्वानाचा खरा मोठेपणा दाखविते. प्रबंध गाजला, पुष्कळांनी त्यातील गणिताची रीत उचलली व तिचेच स्तोम माजविले. तेव्हा १९७१ साली, त्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत, ग्रंथकर्त्याने स्वतःच त्या स्तोमापासून आपणांस दूर केले, आणि महत्त्व त्या गणिताचे नसून गरजांमधून उमटणाऱ्या लहान लहान आकृतिबंधांचे आहे असे सांगितले. पुढे १९७७ साली आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी असे २५३ आकृतिबंध एका ग्रंथात एकत्र केले. आपल्या प्रबंधातील उणे स्वतः दाखवून देणारा पंडित विरळाच. २०२२ साली ते निवर्तले.

दुसरा दाखला मिसर देशाचा. हसन फथी हे तेथील विख्यात वास्तुविशारद. जन्म १९००, मृत्यू १९८९. दुसऱ्या महायुद्धात लाकूड व लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा मातीच्या विटांचीच कमान करून छप्पर घालावे असे त्यांच्या मनाने घेतले. विद्यालयात शिकलेल्या विद्येने त्यांनी यत्न केला, आणि छपरे कोसळली. मग भावाने सुचविले की, दक्षिणेकडे नूबियातील लोक आधाराची चौकट न लावताच अशा कमानी घालतात. १९४१ साली ते अस्वानकडे गेले. तेथे गवंड्यांना भेटून त्यांनी ती युक्ती पाहिली, आणि ते गवंडी पुढे त्यांच्या कामावर आले. प्राध्यापकास जे साधले नाही, ते अक्षरशत्रू गवंड्याच्या हातास साधले होते. परंतु याच फथींनी १९४५ पासून लक्सरजवळ नवे गुर्ना हे जे सुंदर गाव मातीने बांधावयास घेतले, तेथे राहावयास जुन्या गुर्ना गावचे बहुतेक लोक आलेच नाहीत, आणि ते काम अपुरे राहिले. त्या लोकांची उपजीविका जुन्या थडग्यांच्या टेकडीशी बांधलेली होती. ती सोडून जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. गवंड्याचा हात फथींनी ओळखला, पण घरात राहणाऱ्याचे मन त्यांस वळविता आले नाही.

परमुलखाचे इतके पुरे. आपल्या विदर्भाकडे वळू. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथील आदिनिवास व बापूकुटी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांवाचून तीत आहे तरी काय? आणि तरीही भर उन्हाळ्यात त्या ओसरीवर बसले असता शास्त्रज्ञही विचारात पडतो. पुढे १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यास खेड्यांसाठी विज्ञानाचे जे केंद्र स्थापिले, त्याने बापूकुटीची नुसती नक्कल केली नाही. इमारती लाकूड दुर्मिळ व महाग झाले आहे, आणि कुंभाराचा धंदा बसला आहे; या दोन अडचणी एकत्र आणून त्या केंद्राने त्यांतून एक उत्तर काढले. कुंभाराने चाकावर निमुळती, शंकूसारखी कौले घडवावयाची, ती भाजून एकात एक अडकवीत कमान करावयाची, कमानीस कमान लावून छप्पर पुरे करावयाचे, आणि वरून गिलावा द्यावयाचा. वासा नाही, आढे नाही, लोखंडी सळई नाही. वस्तू जुनी, हात जुना, परंतु रचना नवी. परंपरा व नवनिर्मिती यांचा संगम म्हणतात तो हाच, असे आम्ही समजतो.

आता आपल्या बपेऱ्याच्या घराकडे या. आम्ही उष्णतामापक यंत्र घेऊन येथील एका जुन्या घरी गेलो असता घरच्या आजीबाई म्हणाल्या, "बाबू, पारा काहाले पायतेस? आमची बाज कुठं हाय ते पाय." ते वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले, आणि खरोखरच दिवसभर त्यांची बाज पाहिली. सकाळी ती सपरीत, दुपारी माजघरात, सांज झाली की अंगणात. प्रहराप्रहरास घराचा वेगळा भाग राहण्याजोगा असतो, आणि माणूस त्याच्या मागून फिरतो. यंत्रानेही तेच सांगितले. कारणही उघड आहे. दिवसाचे ऊन जाड मातीच्या भिंतीत शिरून आतल्या बाजूस पोहोचावयास बारा तासांच्या आसपास लागतात. तोवर रात्र झालेली असते, आणि आपण अंगणात असतो. चार इंची स्लॅबमधून तेच ऊन सुमारे तीन तासांत डोक्यावर येते. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. स्लॅबखाली ती कोंडून राहते. हे सर्व त्या आजीबाईंस ठाऊक होते. आमचे काम इतकेच की, ते आकड्यांत मांडून परीक्षकांपुढे सिद्ध करावे, म्हणजे पुढच्या इंजिनिअरास "हे अडाण्यांचे म्हणणे" असे म्हणता येऊ नये.

परंतु येथेच थांबलो तर आम्हीही पहिल्या मोहात सापडलो असे होईल. मातीचे घर लोक सोडतात ते काही वेडे म्हणून नव्हे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला, तेव्हा या जिल्ह्यात मातीची किती घरे बसली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याची भिंत रात्री पाण्यात विरघळली, त्यापुढे मातीच्या थंडाव्याचे गुण गाणे हा निर्दयपणा होय. तशात वाळवी आहे. कवेलूंवर उड्या मारणारी माकडे आहेत. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणारा माणूस मिळेनासा झाला आहे. आणि एक गोष्ट पुरुषमंडळी सहसा सांगत नाहीत: सारवण व पोतेरा यांचा सर्व भार बायकांच्या हातांवर पडतो. आमच्या वहीत अनेक भगिनींनी हेच कारण पहिले सांगितले. त्याखेरीज पक्क्या घराची एक प्रतिष्ठाही आहे. लेकीची सोयरीक जुळविताना पाहुणे घराकडे पाहतात, ही गरज प्रबंधाच्या यादीत न घालणारा संशोधक आपल्याच डोळ्यांवर पट्टी बांधतो. २०१६ पासून प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतून घरकुले बांधली जात आहेत. त्यात घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर असावे व सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळावे असे ठरविले गेले. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नव्हते, त्यांस त्या घरकुलाचे मोल काय, हे बाहेरच्याने सांगू नये.

तेव्हा प्रश्न माती की सिमेंट हा नाही. प्रश्न असा आहे की, जुन्या घराने कोणत्या गरजा भागविल्या, कोणत्या भागविल्या नाहीत, आणि नव्याने कोणत्या गरजा भागवाव्यात व कोणत्या मोडू नयेत. अशी यादी समोर ठेवली की मार्ग दिसू लागतो. पुराची भीती जोत्यास असते. म्हणून जोते उंच व पक्के करावे, दगडाचे वा भाजक्या विटांचे, तेथे सिमेंट खुशाल वापरावे. भिंतीस माती हवी, पण ती पाण्याने विरघळू नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी जो विभाग निघाला, त्याने यंत्रात दाबून घट्ट केलेल्या मातीच्या विटांवर दीर्घ काम केले आहे. अशा विटेत शेकडा ५ ते ८ भाग सिमेंट मिसळले की ती पुरते, आणि तिला भाजावयास लाकूड लागत नाही. सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. तेव्हा हा काटकसरीचा विचार आपल्या घरापुरता नसून साऱ्या जगापुरता आहे. आणि ज्यांचा स्लॅब झालेला आहे त्यांनी निराश होऊ नये. जुने कवेलू फेकून न देता, मध्ये हवा खेळेल इतके अंतर सोडून, स्लॅबवर त्यांची सावली करावी. त्याला चुन्याचा पांढरा हात द्यावा. आणि पुढे सपरी अवश्य जोडावी. आम्ही आमच्या घरी हेच केले. आई आता दुपारी सपरीत निजते. ती आमच्या प्रबंधाची पहिली परीक्षक, आणि तिचा निकाल आम्हांस सर्वांत शेवटी मिळाला.

हा विचार केवळ झोपडीस लागू आहे, देवालयास नाही, असे कोणी समजू नये. मुंबईस दादर येथे, सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी स्थापिलेल्या जुन्या पोर्तुगीज चर्चच्या जागी, चार्ल्स कोरिया यांनी १९७४ ते १९७७ या काळात नवे प्रभुमंदिर बांधले. वस्तू म्हणाल तर आधुनिक काँक्रीट. परंतु घडण पाहाल तर छत्रासारख्या उंच छपरांखाली जागा आणि त्यांच्या मधून मोकळी अंगणे. उपासक अंगणातून छपराखाली आणि छपराखालून अंगणात जातो, जसा आपण अंगणातून सपरीत व सपरीतून माजघरात जातो. कोरियांनी खेड्यातील घराची नक्कल केली नाही. त्या घराचे मर्म त्यांनी ओळखले. महोत्सवानिमित्त येथे एखादे नवे सभागृह व्हावे अशी चर्चा आमच्या कानी आली आहे. ते व्हावेच. आमची विनंती एवढीच की, नकाशा काढण्यापूर्वी आजीबाईंची बाज दिवसभर पाहावी.

एक खंत मात्र मनात आहे, ती आज बोलून टाकतो. आमचा प्रबंध इंग्रजीत लिहिला गेला. तसे लिहिणे भाग होते. तो बांधला गेला, कपाटात ठेवला गेला. ज्या गवंड्यांनी आम्हांस भिंतीचा थर किती घालावा व किती दिवस वाळू द्यावा हे शिकविले, ज्या कुंभाराने कवेलूची माती चाळून दाखविली, त्यांना त्यातील एक ओळही वाचता येत नाही. त्यांची विद्या घेऊन आम्ही डॉक्टर झालो. त्यांची मुले मात्र नागपुरास स्लॅबच्या कामावर सेंट्रिंग ठोकावयास गेली. कोहळी बांधवांनी या प्रदेशात तलाव बांधले, त्यांच्याजवळ कोणती पदवी होती? परंतु ती विद्या बापाकडून मुलाकडे जात होती म्हणून टिकली. गवंड्याची विद्या आज त्या वाटेने जात नाही, आणि आमच्या कपाटाच्या वाटेने तर ती कोणाकडेच जात नाही. संशोधनाचे जे फळ त्याच्या मूळ धन्यास परत मिळाले नाही, त्यास आम्ही अर्धेच फळ मानतो.

यास्तव तीन गोष्टी मागून आम्ही आपली रजा घेतो. पहिली ही की, गावातील कोणतेही जुने घर पाडण्यापूर्वी शाळेतील मुलांकडून ते मोजून घ्यावे: भिंतीची जाडी, सपरीची खोली, दाराची दिशा, आणि घरातील वडील माणसांनी सांगितलेली कारणे. एक वही व एक फीत याहून अधिक काही लागत नाही. दुसरी ही की, नवे बांधकाम निघेल तेव्हा इंजिनिअराच्या शेजारी गावच्या जुन्या गवंड्यास बसवावे, आणि त्यास मजुरी द्यावी तशी सल्ल्याचीही दक्षिणा द्यावी. तिसरी मागणी आमच्या स्वतःकडेच आहे. आमचा प्रबंध मराठीत, गवंड्यास वाचून दाखविता येईल अशा भाषेत, आम्ही लिहावयास घेतला आहे. त्यातील पहिले प्रकरण पुरे झाले आहे, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी ते याच गावी, ज्यांची घरे आम्ही मोजली त्यांच्यापुढे वाचून दाखविण्याचा आमचा मानस आहे. चुकले असेल तेथे त्यांनी आम्हांस थांबवावे. विद्यापीठाच्या परीक्षेत आम्ही उत्तीर्ण झालो आहोत. ही परीक्षा अद्याप राहिली आहे.

 परमेश्वर या महोत्सवास यश देवो, आणि आपणां सर्वांच्या घरी उन्हाळ्यात सावली व पावसाळ्यात कोरडी जागा सदैव राहो, अशी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.